मॅक्सगेन: हप्ते चालू असताना पुढच्या घराची पुंजी

स्टेट बँकेचं मॅक्सगेन म्हणजे ओव्हरड्राफ्टच्या, म्हणजे पैसे टाकता-काढता येणाऱ्या कर्जखात्याच्या रूपातलं गृहकर्ज. दुसऱ्या घरासाठी साठवलेले पैसे या खात्यात टाकायचे. ही रक्कम वजा जाता रोज जेवढं कर्ज उरतं, तेवढ्यावरच व्याज लागतं, आणि डाऊन पेमेंटची वेळ आली की पैसे परत काढता येतात. साध्या कर्जात मुदतीआधी भरलेली रक्कम कायमची गेली. इथला खरा फरक तो.

पण दर साध्या कर्जापेक्षा चढा. समजा, ४० लाखांवर साधा दर ८.५० आणि याचा ८.७५ टक्के: वर्षाला १०,००० जादा. ५ लाख ठेवले तर ४३,७५० व्याज वाचतं, जादा दर वजा जाता ३३,७५०. तेच ५ लाख ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर ३० टक्के स्लॅबचा कर आणि सेस कापून २४,०८० उरतात. म्हणजे लाखामागे मॅक्सगेनचा फायदा सुमारे ३,९३४ जास्त, आणि जादा दराचे १०,००० भरून निघायला अडीच लाख लागतात. सरासरी त्याहून कमी शिल्लक राहणार असेल तर साधं कर्ज आणि एफडीच बरी.

एक घोळ नेहमीचा. ठेवलेली जादा रक्कम ही मुद्दल-फेड नव्हे, त्यामुळे जुन्या करप्रणालीत ८०सी खालच्या करवजावटीत ती धरत नाहीत; हप्त्यातलं मुद्दल तेवढंच चालतं. दुसरं, पैसे एका क्लिकवर हाताशी असतात. घराची पुंजी कारच्या शोरूममध्ये जाते ती अशीच.