आधारचं बायोमेट्रिक लॉक: चालू करा, फक्त रेशनच्या दिवशी विसरू नका

आधार जोडलेल्या खात्यातून पैसे काढायला कार्ड, पिन, ओटीपी यातलं काहीच लागत नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर 'एईपीएस'चा, म्हणजे आधारवर चालणाऱ्या पेमेंट सेवेचा व्यवहार होतो, एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत. जवळपास शाखा नाही अशा गावांत ही सोय मोलाची आहे. अडचण अशी की आधारची झेरॉक्स आपण कुठेकुठे दिलेली असते आणि अंगठ्याचा ठसा खरेदीखतावर असतोच. २०१८ मध्ये तेलंगणात नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरच्या दस्तांवरून ठसे उचलून, त्यांच्या रबरी प्रती बनवून सिमकार्डं चालू केल्याचं उघड झालं होतं. पुढे याच युक्तीने खात्यातले पैसे काढल्याच्या तक्रारीही झाल्या. स्कॅनर आता सुधारले आहेत, बोट खरं आहे का हेही तपासलं जातं. तरीही यावर सर्वांत पक्का उपाय, म्हणजे बायोमेट्रिक लॉक, आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेनेच दिलेला आहे, तोही फुकट. तो फार कमी लोक वापरतात याचं वाईट वाटतं.

मायआधार पोर्टलवर आधार क्रमांक, कॅप्चा आणि ओटीपी टाकून आत जा. तिथे 'लॉक / अनलॉक बायोमेट्रिक्स' हा चौकोन दिसेल. सूचना वाचून खूण करा आणि पुढे जा. पाच मिनिटांचं काम आहे. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर मात्र काहीच होत नाही. आधी तो जोडून घ्यावा लागेल. आधार केंद्रात त्याचे ७५ रुपये पडतात.

लॉक लागलं की बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा, तिन्ही बंद. ओटीपीने होणारी कामं, म्हणजे डिजिलॉकर, आयकर रिटर्नचं ई-व्हेरिफिकेशन, बहुतेक ई-केवायसी, नेहमीसारखी चालू राहतात. शहरात राहणाऱ्या, पगार बँकेत येणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने लॉक लावल्याचं जाणवणारही नाही.

जाणवतं ते रेशन दुकानात. पॉस मशीनवर अंगठा ठेवला की नकार येतो. तो ३३० या क्रमांकाचा असेल तर समजायचं की मशीन ठीक आहे, लॉक लागलेलं आहे. बऱ्याच दुकानदारांना हा क्रमांक माहीत नसतो. ते 'ठसा येत नाही, बोट पुसा' म्हणत चार वेळा अंगठा टेकवायला लावतात आणि मग माणूस रिकाम्या पिशवीने घरी परततो. इथे या सेवेचा मोठा दोष दिसतो: 'तुमचं बायोमेट्रिक लॉक आहे' हे मशीनने स्वच्छ मराठीत सांगायला हवं होतं.

तात्पुरतं अनलॉक फक्त १० मिनिटं टिकतं, नंतर लॉक आपोआप लागतं. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच, पण घरून उघडून निघालात तर दुकानात पोचेपर्यंत ते बंद झालेलं असतं. पुढे दोनच माणसं उरली की उघडा. शिधापत्रिकेवरच्या ज्या सदस्याचं आधार जोडलेलं आहे त्यातला कुणीही अंगठा देऊ शकतो, म्हणून ज्याच्या हातात नोंदवलेला मोबाइल आहे त्यालाच पाठवा. वडील गावी आणि त्यांच्या आधारला नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात, अशी घरं खूप आहेत. तिथे मुलाने आपल्या फोनवरून अनलॉक करायचं आणि त्याच वेळी वडिलांना कळवायचं. हे जमणार नसेल, तर दर महिन्याला अंगठा देणाऱ्या त्या एका माणसाचं लॉक उघडं ठेवून बाकी घराचं लावा. ज्याचं उघडं ठेवाल त्याच्या बँकेला एईपीएस बंद करता येतं का हे जरूर विचारा. पेन्शनरांनी नोव्हेंबरमध्ये जीवन प्रमाण, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्याच्या वेळीही हे ध्यानात ठेवावं. चेहरा दाखवून दाखला काढायचा असला तरी आधी अनलॉक करावं लागतं.

त्याच पोर्टलवर 'आधार लॉक' नावाचं वेगळं बटण आहे. त्याने १२ अंकी क्रमांकच बंद होतो, अगदी ओटीपीसाठीसुद्धा, आणि सगळीकडे त्याऐवजी १६ अंकी व्हीआयडी, म्हणजे आभासी क्रमांक, द्यावा लागतो. तो आधी तयार करून घ्यावा लागतो आणि नंतर हाताशी ठेवावा लागतो. बहुतेकांनी या वाटेला जाऊ नये, त्रास जास्त आणि वाढीव फायदा थोडा. नावं इतकी सारखी आहेत की घाईत भलतंच बटण दाबलं जातं, त्यामुळे 'बायोमेट्रिक्स' हा शब्द बघूनच पुढे जा.

पोर्टलवरचा 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' हा भाग मला लॉकइतकाच उपयोगाचा वाटतो. मागच्या ६ महिन्यांत तुमचं आधार कधी आणि कोणत्या पद्धतीने वापरलं गेलं ते तिथे दिसतं, एका वेळी ५० नोंदींपर्यंत. तुम्ही कुठे अंगठा दिलाच नाही त्या तारखेला बोटाच्या ठशाची नोंद दिसली, तर ती अयशस्वी असली तरी लॉक त्याच दिवशी लावा आणि आधार जोडलेल्या प्रत्येक खात्याचं स्टेटमेंट तपासा. पैसे गेलेले दिसले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि ३ कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवून तक्रारीचा क्रमांक घ्या.