चेक टाकू नका म्हणाला, आणि दोन वर्षं निघून गेली

तासगावला माझं बेदाण्याचं अडत दुकान आहे. 2021 च्या हंगामात एका जुन्या व्यापाऱ्याला सौद्यात माल दिला. त्यातले 18 लाख 40 हजार रुपये आजतागायत आलेले नाहीत. शेतकऱ्यांची पट्टी, म्हणजे त्यांच्या मालाचे पैसे, मी कर्ज काढून भागवली, कारण त्यांनी माल माझ्या भरवशावर आणला होता.

हा माणूस फोन कधी टाळायचा नाही, म्हणूनच मी फसलो. चेक दिला आणि म्हणाला, "दादा, आत्ता टाकू नका, मी सांगतो तेव्हा टाका." चेकची मुदत तीन महिन्यांची, ती सरली. मग म्हणाला, दिवाळीच्या शून्य पेमेंटला मिटवतो. दिवाळीत सौदे बंद ठेवून सगळ्यांची देणी शून्यावर आणायची ही आमच्या बाजाराची रीत, त्यामुळे विश्वास बसला. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. मधूनच दहा-वीस हजार रोख हातावर ठेवायचा. पावती मागितली की म्हणायचा, "आपल्यात कागद कशाला?"

ऑगस्ट 2023 मध्ये त्यानं जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे देणी फेडायची ऐपत नाही असं जाहीर करून घेण्याचा, अर्ज केला. यादीत मालमत्ता म्हणून एक जुनी मोटारसायकल आणि घरातलं सामान. मी म्हटलं, बंगला कुठं गेला? गोदामाची जागा कुठं गेली?

वकिलांनी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढली. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. दस्ताचा प्रकार ट्रस्ट, तारीख जून 2021, मोबदला शून्य. विश्वस्त बायको आणि मुलगा, लाभार्थी नातवंडं. माझा माल उचलून तीन महिने झाले नव्हते, तोवर बंगला आणि गोदाम दोन्ही ट्रस्टमध्ये गेली होती. राहतो मात्र तिथंच.

वकिलांनी तारखा समोरासमोर मांडल्या तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्यात कलम 53 आहे. मालमत्ता फुकटात दुसऱ्याच्या नावे केल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज दाखल झाला आणि त्यावर माणूस नादार ठरला, तर न्यायालयानं नेमलेला रिसीव्हर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. दोन वर्षं जून 2023 ला भरली आणि त्यानं अर्ज टाकला ऑगस्टमध्ये. हा योगायोग आहे असं मला कुणी सांगू नये. तो अर्ज आम्हीही करू शकलो असतो. देणी बुडवण्यासाठी मालमत्ता फिरवणं हीच त्या कायद्यात नादारीची कृती आहे, फक्त त्या कृतीवर अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो. मी त्या तीन महिन्यांत दिवाळीची वाट बघत होतो.

आता उरलाय तो मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 चा दावा. क्रमांक तोच, कायदा वेगळा. इथं ते दोन वर्षांचं बंधन नाही, पण ट्रस्ट येणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचे पैसे थकलेत त्यांना, बुडवायलाच केला हा हेतू आम्हाला सिद्ध करावा लागतो, आणि दावाही सगळ्या येणेकऱ्यांच्या वतीनं लावावा लागतो. त्यामुळे बाजारातले आम्ही सहा जण एकत्र आलो. प्रत्येकाला तीच दिवाळी सांगितली होती.

वकिलांनी माझी खिशातली डायरी मागितली. त्याच्या वायद्याच्या 31 तारखा त्यात आहेत. "यात त्याची सही कुठं आहे?" त्यांनी विचारलं. एकीपुढंही नव्हती. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. त्या मुदतीत देणेकऱ्यानं सहीनिशी येणे कबूल केलं, तर तिथून नवी तीन वर्षं मिळतात. एका चिठ्ठीवर सही घेतली असती, तर 2023 च्या दिवाळीत मला दाव्यासाठी धावपळ करावी लागली नसती.

तुमचं कुणाकडे मोठं येणे थकलं असेल, तर त्याच्या घराची आणि जमिनीची सूची आजच काढून बघा. मोबदल्याच्या रकान्यात शून्य दिसलं, तर त्याच आठवड्यात वकील गाठा.

आमच्या दाव्याची नोटीस आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवली आहे. महाराष्ट्रात ती नोंदवली नाही, तर दावा चालू असतानाही बंगला विकला जाऊ शकतो आणि घेणाऱ्यावर आमच्या दाव्याचं बंधन राहत नाही.