गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव : पूर्ण मुक्कामाचा अनुभव

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी येथे दरवर्षी भरतो. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, अश्विन वद्य पंचमीला झाले आणि महोत्सव आजही तिथीप्रमाणेच होत असल्याने जाण्यापूर्वी पंचांग पाहून घ्यावे. पूर्वी मी केवळ मौन श्रद्धांजलीच्या दिवशी जाऊन परत येत असे. गेल्या खेपेस मात्र गावच्या महिला भजन मंडळासोबत मुक्कामी राहिले. आता काही महिने उलटल्यावर माझे ठाम मत आहे की, ज्याला भजन शिकायचे आहे त्याने तेथे राहायलाच जावे.

या महोत्सवाचा प्राण म्हणजे खंजेरी भजन. महाराजांनी याच वाद्याच्या साथीने गावोगाव लोकांना जागे केले, त्यामुळे येथील स्पर्धेत गाणारी मंडळे आणि समोर बसलेले श्रोते दोघेही जाणते असतात. ताल किंचित ढळला तरी मांडवात ते लगेच कळते. आमच्या शेजारी उतरलेल्या मंडळातील एक वयस्क काका पाळी येण्याआधी कागद पेटवून त्याच्या आचेवर खंजेरीचे कातडे शेकत असत, कारण रात्री दव पडू लागले की कातडे सैल पडून आवाज बसतो. बोटाने टिचकी मारून पाहायचे, पुन्हा शेकायचे आणि मनासारखा खणखणीत नाद आला की शेल्यात गुंडाळून ठेवायची, असा त्यांचा क्रम होता. मागच्या बायका धृपद उचलतात तेव्हा खंजेरी हळू करावी, म्हणजे शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतात, हे त्यांनीच आम्हाला समजावले. गावातील सायंप्रार्थनेनंतर आम्ही आजही तसेच म्हणतो आणि पूर्वी निम्म्यातून उठून जाणारी माणसे आता शेवटपर्यंत बसतात.

जेवण साधे असते. पंगतीत वरण, भात, पोळी, भाजी आग्रहाने वाढली जाते आणि शेजारी कोण बसले आहे, हे कोणी विचारत नाही. मला अधिक आवडला तो गोपालकाला. ज्वारीच्या लाह्या, दही आणि लोणच्याचा खार एकत्र मुरल्यावर त्याला जी आंबटसर चव येते, ती घरी कितीही प्रयत्न केला तरी येत नाही.

पंचमीच्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढा मोठा जनसमुदाय, त्यात कडेवरची लेकरे, आणि तरीही सारे शांत उभे राहतात. गर्दीत मागे राहिले तरी चालेल, पण त्या वेळी तेथे असावे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. रस्त्यालगतच्या काही दुकानांचे भोंगे भजनाच्या वेळीही चालू असतात आणि मांडवाच्या कडेला बसलेल्यांना शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणून शक्यतो पुढे जागा धरावी. नागपूर–अमरावती मार्गावर असल्याने मोझरीला एसटीने पोहोचणे सोपे आहे. सतरंजी व पांघरूण सोबत न्यावे, कारण पहाटेच्या ध्यानाला बसताना गारवा जाणवतो. हेच दिवस सोयाबीन सोंगणीचे असल्यामुळे घरातील सर्वांना एकदम निघता येत नाही. आमच्याकडे आळीपाळीने जाण्याचे ठरवले आहे.