आठ चॅनलचा प्रीॲम्प सांगून चार चॅनल गळ्यात मारले : माझे २१,५०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

सांगली, सातारा, कोल्हापूर भागात घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हे नीट वाचा. एक माणूस पुण्याचा म्हणून सांगतो, हायवेवरच्या हॉटेलात बोलावतो आणि जुने प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवून देणारं यंत्र, एका चॅनलला एक माइक), मिक्सर विकतो. यंत्र कुठल्या कंपनीचं होतं ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. यंत्र अस्सलच होतं. त्याच्या पोटात काय केलं होतं ते पुढे सांगतो.

मी भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. मिरजेचे तंबोरे, सतारीही अधूनमधून येतात. माझ्या इंटरफेसला, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राला, माइकचे इनपुट चारच. पखवाजालाच दोन माइक लागतात, एक शाईच्या बाजूला आणि एक कणीक लावलेल्या बाजूला. पेटीला एक, बुवांना एक, संपले चार. टाळकरी आणि मागे म्हणणारे राहतात कुठे? इंटरफेसच्या मागे एडॅट इनपुट (एकाच ऑप्टिकल केबलनं अनेक चॅनल घेणारं) आहे, त्यामुळे आठ चॅनलचा प्रीॲम्प एका ऑप्टिकल केबलनं जोडला की एकूण बारा माइक होतात. नवीन घ्यायची ऐपत नव्हती आणि आषाढीच्या आत एका मंडळाला अभंग करून द्यायचे होते. म्हणून जुना शोधत होतो. यात हावरटपणा काहीच नव्हता. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. त्यानं २४,००० सांगितले, घासाघीस करून २१,५०० ला ठरलं.

फोनवर गडी गोड बोलायचा. "दादा, तुमच्यासारख्या वापरणाऱ्याच्याच हातात द्यायचंय." मध्येच म्हणाला, ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे ९६,००० नमुने) आठही चॅनल एका केबलनं जातात. मी तिथल्या तिथे सांगितलं की एडॅटच्या एका केबलवरून ४४.१ किंवा ४८ ला आठ चॅनल जातात, ९६ ला चारच. लगेच म्हणाला, "हां हां, बरोबर, तेच म्हणतोय मी." वस्तू वापरणारा माणूस हे असं बोलत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. २,००० रुपये ॲडव्हान्स त्याच्या नंबरवर पाठवले.

भेट ठरली साताऱ्यात, वाढे फाट्याजवळच्या एका हॉटेलात. "तुम्हाला पुण्यापर्यंत कशाला त्रास?" पेठ नाक्यावरून, कराड करत पोचलो. कोपऱ्यातल्या टेबलावर यंत्र मांडून तयार. सोबत एक साधा डायनॅमिक माइक, एक केबल आणि एक छोटा स्पीकर. मी माझे दोन कंडेन्सर माइक (यांना चालायला यंत्राकडून वीज लागते) नेले होते, पण माइकची एक्सएलआर केबल मात्र तिथे एकच, त्याची. तो म्हणाला एकेक चॅनल करून बघू. त्यात कुणाला काय वावगं वाटेल? पहिला चॅनल, आवाज आला. दुसरा आला. तिसरा, चौथा आला. मागे स्पीकरची पिन तो स्वतः बदलत होता.

आता इथे बघा. पाचव्या सॉकेटात माइक घातला, मी "हॅलो" म्हणालो, स्पीकरमधून आवाज आला. पण पॅनलवर हिरवा दिवा लागला तो पहिल्या चॅनलचा! पाचव्याचा दिवा विझलेलाच. मी बोट ठेवून विचारलं, हे असं का? तो म्हणाला, "लिंक मोडमध्ये आहे दादा, एक आणि पाच जोडीनं दाखवतं." मी पाचव्याचा गेन, म्हणजे माइकची लेव्हल वाढवायचा नॉब, फिरवायला हात पुढे केला, तर त्यानं माझ्या आधी हात घातला. "थांबा, मी लेव्हल देतो, स्पीकर फाटेल." त्याचा हात नक्की कुठल्या नॉबवर होता ते त्याच्या मनगटाआड झाकलं गेलं. आवाज वाढला. मी गप्प बसलो.

तो हिरवा दिवा आजही झोपू देत नाही. पण तुम्हीच सांगा, भर जेवणाच्या वेळी हॉटेलात, वेटर "टेबल मोकळं करा" म्हणून मागे लागलेला, समोर आठही सॉकेटांतून आवाज येतोय, अशा वेळी कुठला माणूस झाकण उघडून बघणार? मी फँटम पॉवरचंही, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधून मिळणाऱ्या ४८ व्होल्टचंही, विचारलं होतं. त्यानं ४८ व्होल्टचं बटण दाबलं, लाल दिवा लागला, "आलं बघा." माझा कंडेन्सर पहिल्या चॅनलला लावला, चालला. लाल दिवा फक्त बटण दाबलंय एवढंच सांगतो. सॉकेटात किती व्होल्ट पोचतायत ते तो सांगत नाही. मल्टिमीटर न्या. माइकच्या सॉकेटातली पिन १ आणि २, मग १ आणि ३, डीसीवर मोजा. ४४ ते ५२ च्या मध्ये यायला हवं, आणि बाकीच्या चॅनलना कंडेन्सर जोडलेले असताना यायला हवं.

पैसे देताना तिसरी खोच. १०,००० वहिनीच्या नंबरवर टाका म्हणाला, उरलेले ९,५०० रोख. बिल मागितलं तर "सेकंडहँडला कसलं बिल, दादा?" समोरचा माणूस एक आणि खातं दुसऱ्याचं असेल तर तिथूनच उठून या.

घरी आल्यावर ऑप्टिकल केबल जोडली, इंटरफेसचं क्लॉक (दोन्ही यंत्रांची वेळ जुळवणारं सेटिंग) एडॅटवर घेतलं, ४८ ला ठेवलं. एक ते चार आले. पाच ते आठ ठार मुके. आधी वाटलं माझंच सेटिंग चुकलंय. ४५० रुपयांची नवीन केबल आणली. तेच. मग दोन माइक एकदम लावले, पहिल्याला आणि पाचव्याला, तेव्हा दोन्ही आवाज पहिल्याच ट्रॅकवर एकात एक मिसळून आले. तेव्हा पोटात गोळा आला.

मिरजेत ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी झाकण काढलं आणि काही न बोलता मला आत बघायला सांगितलं. पाचव्या सॉकेटापासून पहिल्यापर्यंत, सहाव्यापासून दुसऱ्यापर्यंत, अशा बारीक लाल वायरी डाग देऊन जोडलेल्या. मागच्या आउटपुटलाही तेच. पाच ते आठचं सर्किट जळलेलं, काही आयसी (चिप) काढूनच टाकलेले. वर सगळे कंडेन्सर लावून फँटम मोजलं तर २९ व्होल्ट. काकांनी तपासणीचे ६०० घेतले. पेट्रोल धरलं नाही तरी एकूण २२,५५० रुपये. हे खराब झालेलं यंत्र चुकून विकणं नव्हे. कुणीतरी बसून, सोल्डरिंग करून, पुढच्या माणसाला फसवायची तयारी केलेली आहे.

त्याला फोन केला. "तुम्ही चेक करून घेतलंय ना दादा?" एवढं बोलून ब्लॉक.

आणि आता पोलीस. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात आधी अर्धा तास प्रीॲम्प म्हणजे काय हेच समजावत होतो. मग उत्तर मिळालं, वस्तू तुम्ही राजीखुशीनं घेतली, ही दिवाणी बाब आहे. वायरींचे फोटो दाखवले तर म्हणे, व्यवहार साताऱ्यात झाला, तिकडे जा. साताऱ्यात म्हणाले, विकणारा पुण्याचा, वस्तू सांगलीत, आमच्याकडे काय आहे? वर ९,५०० रोख दिल्याचा पुरावा विचारतात! पुरावा असता तर मी तो खिशात ठेवून फिरलो असतो का? १९३० या सायबर हेल्पलाइनवाल्यांनी तक्रार लिहून घेतली, पुढे काहीच हलत नाही. बँकेत गेलो, तर पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. म्हणजे ज्यानं सोल्डरिंग करून फसवलं तो मोकळा, आणि ज्यानं कष्टाचे पैसे दिले त्यानं तीन जिल्ह्यांच्या दारात उभं राहायचं?

कायदा मात्र वेगळं सांगतो, तो मी एका वकिलाकडून समजून घेतला, तुम्हीही पाठ करा. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. फसवून पैसे किंवा वस्तू काढून घेतली तर ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते. "आमची हद्द नाही" हे उत्तरच होऊ शकत नाही. नाहीच घेतली तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवता येते, तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. ग्राहक आयोगाचंही विचारलं. घरातली एखादी जुनी वस्तू विकणाऱ्यावर ते अवघड आहे, पण तो माणूस सतत माल विकतो, हा त्याचा धंदाच आहे, हे दाखवता आलं तर जाता येतं. म्हणून त्याच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आधी काढा, भांडण मागून करा. मी भांडण आधी केलं, त्यानं प्रोफाइल उडवलं. आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला त्याच दिवशी फोन लावा, रक्कम पुढे सरकायच्या आत.

घ्यायला जाल तेव्हा निदान दोन माइक आणि दोन केबल स्वतःच्या न्या. दोन्ही एकदम लावा, एकावर टाळी वाजवा, दुसऱ्याचा गेन पूर्ण खाली करा आणि दिवे बघा. लॅपटॉप, इंटरफेस, ऑप्टिकल केबल बरोबर ठेवा. आठही ट्रॅक पडद्यावर वेगवेगळे हलताना दिसले तरच पैसे. झाकणाच्या स्क्रूंचा काळा रंग खरवडलेला असेल तर ते कुणी उघडलं आणि का, हे विचारा. हॉटेलात, पार्किंगमध्ये, टपरीवर घेऊच नका. त्याच्या घरी किंवा स्टुडिओतच जा. सीरियल नंबर, नाव आणि रक्कम साध्या कागदावर लिहून सही घ्या.

अधीक्षकांना पोस्टानं तक्रार गेली आहे, पोचपावती माझ्याकडे आहे. त्याच भाषेतली, "वापरणाऱ्याच्याच हातात द्यायचंय" असं लिहिलेली जाहिरात आता दुसऱ्या नावानं इचलकरंजीच्या एका ग्रुपवर दिसली आहे, या वेळी सोळा चॅनलचा मिक्सर आहे. कुणी त्याच्याशी बोलत असाल तर ॲडव्हान्स पाठवू नका आणि मला कळवा. वायरींचे सगळे फोटो मी देतो.