घरातली सगळी गाणी शफलवर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

घरातल्या कॅसेट, सीड्या आणि इतक्या वर्षांत इकडूनतिकडून जमलेल्या फायली असा गाण्यांचा सगळा साठा एकाच मेमरी कार्डावर घ्यायचा आणि शफलवर ऐकायचा, असं पावसाळ्याच्या तोंडावर ठरवलं. आता थंडीही सरत आली. सकाळी स्वयंपाक होईपर्यंत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर थोडा वेळ, पुढचं गाणं कुठलं हे माहीत नसताना ऐकणं चालू आहे. नियम एकच ठेवला: लागलेलं गाणं पुढे ढकलायचं नाही.

या नियमाने जे दिलं ते कुठल्याही ॲपच्या शिफारशींनी दिलं नव्हतं. गाणं संग्रहात असणं वेगळं आणि ते ऐकलेलं असणं वेगळं. कॅसेटच्या काळात ए बाजूची पहिली दोन-तीन गाणी झिजेपर्यंत ऐकली जायची आणि बी बाजूची शेवटची गाणी वर्षानुवर्षं कोरी राहायची. फोन आल्यावर तर आवडीच्या वीस-पंचवीस गाण्यांच्या पलीकडे बोटच जात नव्हतं. शफलला आवडनिवड नसते, म्हणून त्या कोऱ्या राहिलेल्या गाण्यांची पाळी आली.

सगळ्यात मोठी भर पडली ती माहितीच्याच गाण्यांत. 'श्रावणात घन निळा बरसला' कोणाला ठाऊक नाही? पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे म्हणजे आपल्या खळेकाकांची चाल, लताबाईंचा आवाज. पण मुखडा ओळखीचा झाला की आपण गाणं ऐकतच नाही, ते नुसतं ओळखतो. एका संध्याकाळी हे गाणं एका दणदणीत कोळीगीतानंतर अचानक लागलं आणि कान आपोआप टवकारले. अंतऱ्यांच्या चाली एकसारख्या नाहीत. प्रत्येक अंतरा वेगळ्या जागेवरून उठतो, वेगळ्या वाटेने जातो आणि मुखड्यावर असा येऊन मिळतो की जोड कुठे आहे ते सापडत नाही. पहिल्या अंतऱ्याची चाल पुढच्यांना लावून मोकळं होणं खळेकाकांना सहज जमलं असतं. त्यांनी तो सोपा रस्ता घेतला नाही. त्या दिवसापासून खळेकाकांचं कुठलंही गाणं लागलं की मी दुसऱ्या अंतऱ्याची वाट बघते.

आशाताईंच्या बाबतीत योगायोगच झाला. एकाच दुपारी थोड्याथोड्या अंतराने त्यांची तीन गाणी लागली. आधी 'सांज ये गोकुळी', मग 'बुगडी माझी सांडली गं' आणि भाजी चिरून होईतो 'नभ उतरू आलं'. 'बुगडी' १९५९च्या 'सांगत्ये ऐका'मधली, संगीत वसंत पवारांचं. 'नभ उतरू आलं' १९७७च्या 'जैत रे जैत'मधलं, महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत. 'सांज ये गोकुळी' १९९४च्या 'वजीर'मधलं, सुधीर मोघे आणि श्रीधर फडके यांचं. म्हणजे पंचविशीतला, चव्वेचाळिशीच्या आसपासचा आणि साठीचा असा एकाच गायिकेचा आवाज एका दुपारी, तोही उलटसुलट क्रमाने. वयाबरोबर आवाज उतरत जातो हे आपण गृहीत धरतो, पण इथे कान दुसरंच सांगत होता. 'बुगडी'त प्रत्येक शब्दाला एक ठसका आहे, शब्द जणू डोळा मारून पुढे जातो. 'नभ उतरू आलं'मध्ये आवाज अंगात आल्यासारखा सैल सुटलेला. आणि 'सांज ये गोकुळी'त त्यांनी जवळजवळ काहीच केलेलं नाही. ना हरकतींची गर्दी, ना दाखवण्यासाठी घेतलेली जागा. शब्दाचा शेवटचा स्वर किती लांबवायचा एवढाच निर्णय, आणि तो दर वेळी नेमका. ही गाणी कालक्रमाने लावली असती तर मी इतिहास ऐकला असता. उलटसुलट लागल्यामुळे गायकी ऐकली.

आणखी एक गोष्ट अशीच लक्षात आली. मराठी भावगीताचा आवाज म्हणून जे आपल्या मनात आहे, त्यातले कितीतरी आवाज महाराष्ट्राबाहेरून आलेले आहेत. 'शुक्रतारा मंद वारा' गाणारे अरुण दाते इंदूरचे, आणि त्यांच्याबरोबर गाणाऱ्या सुधा मल्होत्रा हिंदीतल्या. 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' हे बाळ कोल्हटकरांचं गीत, पण गाणारे कुमार गंधर्व मूळचे बेळगावकडचे कानडी आणि वाणी जयराम तमिळ. अभंगवाणी घरोघरी पोहोचवणारे भीमसेनअण्णा गदगचे. ही नावं वेगवेगळ्या फोल्डरांत होती तोवर त्यांची सांगड कधी घातली गेली नव्हती. एकामागोमाग एक लागल्यावर लक्षात येतं की या मंडळींनी मराठी शब्द किती जपून उच्चारलाय. घरात ती भाषा बोलत नसलेला गायक 'ळ' आणि 'च' बहुधा अधिक काळजीने घेतो. वाणी जयराम यांचे उच्चार कान देऊन ऐका, म्हणजे कळेल.

काही गाणी मात्र शफलमध्ये अजिबात ठेवू नयेत, हे माझं आता पक्कं मत आहे. पहिलं गीतरामायण. १९५५ साली आकाशवाणी पुणे केंद्रावरून रामनवमीला सुरू झालेली ही छप्पन गीतांची मालिका आठवड्याला एक गीत अशी वर्षभर चालली, तेव्हा क्रम हा तिचा प्राणच आहे. चित्रकूटावर भरताची समजूत घालणारं 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' आधी आणि 'राम जन्मला ग सखी' त्याच्या नंतर लागलं, तेव्हा आईने पोळी लाटता लाटता मान वर केली. "अगं, वनवास झाल्यावर जन्म होय?" त्याच दिवशी गदिमा आणि बाबूजींचं सगळं गीतरामायण वेगळ्या कार्डावर नेलं. आता ते ओळीने, पहिल्या 'स्वये श्री रामप्रभू ऐकती'पासून लावते.

दुसरं 'कट्यार काळजात घुसली'. १९६७च्या या नाटकात 'घेई छंद मकरंद' दोन चालींत आहे. अभिषेकीबुवांनी एकच पद दोन घराण्यांच्या तोंडी दोन वेगळ्या रागांत घातलं, एकदा सालगवराळीत आणि एकदा धानीत. नाटकाचा सगळा झगडा त्या दोन चालींत आहे. मध्ये पाच-सहा दुसरी गाणी घुसली तर त्या झगड्यातलं काहीच हाती लागत नाही. दोन्ही पदं जोडून एकच फाइल केली तेव्हा ते जमून आलं.

मैफलींच्या कॅसेटचंही तसंच. ए बाजू संपली की ख्याल मधेच तुटतो आणि बी बाजूवर जलद लयीतलं द्रुत सुरू. शफलमध्ये द्रुत आधी लागून संथ लयीतलं विलंबित तीन दिवसांनी यायचं. या सगळ्या ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये जोडून घ्याव्या लागल्या. वेळखाऊ काम आहे, पण मैफल ऐकायची असेल तर त्याला पर्याय नाही.

कॅसेट संगणकावर घेण्याबद्दल थोडं, कारण बरेच जण इथेच थांबतात. कॅसेट डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून) संगणकाच्या लाइन-इनमध्ये वायर, ऑडॅसिटीत ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर रेकॉर्डिंग. सी-६० कॅसेटला तासच लागतो, घाई करता येत नाही. त्या तासाची मूळ वेव्ह फाइल साधारण ६३५ एमबी होते, २५६ केबीपीएसची एमपीथ्री केली की ११५ एमबी. मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवून द्यावी आणि एमपीथ्री कार्डावर घ्यावी. सुरुवात करण्याआधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावं. काडी तपकिरी निघाली तर घाबरू नका, तो फितीचा जुना मळ आहे. रबरी बेल्ट मात्र बदलूनच घ्यावा. आमच्या डेकचा बेल्ट सैल पडला होता. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकायला हवी, ती हळू सरकत होती. सीडीवर असलेलं एक गाणं कॅसेटवरून लावून दोन्ही शेजारी ठेवलं, तर कॅसेटवरचं चक्क उतरलेल्या पट्टीत. दुरुस्तीवाल्या काकांनी बेल्ट बदलून दिला आणि गाणं मूळ पट्टीत आलं.

जुन्या फितींत आणखी एक प्रकार ऐकू येतो, आणि तो मला काढून टाकवत नाही. सी-९०ची फीत सी-६०पेक्षा पातळ असते. ती वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरचं चुंबकीय रेकॉर्डिंग शेजारच्या वेढ्यावर पुसटसं उमटतं. त्यामुळे गाणं सुरू व्हायच्या दीड-दोन सेकंद आधी, अगदी शांततेत, त्याची पहिली ओळ कुजबुजल्यासारखी येते. माणिक वर्मांच्या 'सावळाच रंग तुझा'च्या आमच्या कॅसेटवर हे फार स्पष्ट आहे. खरखर कमी करणारं फिल्टर लावून ही सावली घालवता येते, पण तेच फिल्टर तंबोऱ्याची आसही कापून टाकतं. खरखर राहू दे. आवाज स्वच्छ पण निर्जीव झालेला जास्त खटकतो.

आता यंत्राविषयी. आधी कार्ड घालता येणारा एक स्वस्त स्पीकर आणला होता. त्याचं शफल नावालाच होतं. बंद करून पुन्हा सुरू केलं की रोज तोच क्रम पहिल्यापासून. शफल म्हणजे पत्ते पिसल्यासारखी सगळी यादी एकदा पिसायची आणि संपेपर्यंत कुठलंही गाणं दुसऱ्यांदा लावायचं नाही. दर वेळी चिठ्ठी काढून परत डब्यात टाकायची, हा झाला दुसरा प्रकार. त्यात एखादं गाणं दिवसात दोनदा लागतं आणि एखादं दोन महिने लागतच नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानात दहा-बारा गाण्यांचं कार्ड घालून, बंद-चालू करून हे तपासून बघावं. मी शेवटी जुन्या फोनवर व्हीएलसी हे गाणी वाजवणारं ॲप टाकून तो स्पीकरला जोडला, आणि तक्रार मिटली.

आवाजाची पातळी सारखी करणं हे दुसरं महत्त्वाचं काम. अलीकडची गाणी मुळातच मोठ्या आवाजात बनवलेली असतात. त्यांच्यानंतर १९५३च्या 'गुळाचा गणपती'मधलं 'इंद्रायणी काठी' लागलं की ते शेजारच्या घरातून ऐकू येतंय असं वाटतं. एमपीथ्रीगेन या प्रोग्रामने सगळ्या फायलींची पातळी एका आकड्यावर आणली. त्याने फाइल नव्याने बनवावी लागत नाही, त्यामुळे दर्जा उतरत नाही. त्यानंतरच पुलंनी भीमपलास रागात बांधलेली ती साधी चाल आणि अण्णांचा तरुण आवाज बरोबरीच्या हक्काने ऐकू आला. एका विनोदी चित्रपटात इतका गंभीर अभंगाच्या वळणाचा मजकूर गदिमांनी लिहावा आणि तो इतकी वर्षं टिकावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

फायलींना देवनागरीत नावं द्यायची की रोमनमध्ये, हा प्रश्न पडेल. फोनवर देवनागरी उत्तम दिसते. गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर नुसते चौकोन येतात. मी देवनागरीच ठेवली आणि नावाआधी गायक, मग संगीतकार, मग गीतकार असं लिहिलं. गीतकाराचं नाव बहुतेक फायलींत नसतंच, ते कॅसेटच्या आतल्या कागदावरून शोधून भरावं लागतं. पण भरा. सुधीर मोघे, शांताबाई, आरती प्रभू यांची किती गाणी आपल्या घरात होती हे ती नावं भरतानाच समजतं.

अजून एक खोकं शिल्लक आहे. त्यात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि सुलोचना चव्हाण यांच्या कॅसेट आहेत, काहींचे आतले कागद हरवलेले. शाहिरांच्या कार्यक्रमांत दोन गाण्यांच्या मधे जे बोलणं असतं ते कापायचं नाही असं ठरवलंय. गाण्याबरोबर तेही शफलमध्ये येऊ दे. ज्यांच्याकडे सुलोचनाबाईंच्या जुन्या लावण्यांच्या कॅसेटचे आतले कागद असतील, त्यांनी गीतकार-संगीतकारांची नावं कळवली तर मला ती भरता येतील.