स्नेहमेळाव्याला जायचं की नाही? जुनी चुरस आणि जुना छळ यांचा हिशेब वेगळा

शाळेच्या मेळाव्याची तारीख ग्रुपवर पडली की काहीजण येणाऱ्यांच्या यादीत आधी एकच नाव शोधतात. ते नाव दिसलं की पोटात गोळा येतो. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. पहिल्या नंबरासाठी किंवा संघातल्या जागेसाठी भांडलेले दोघं बरोबरीचे असतात. ती चुरस. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांमधल्या छळाचा अभ्यास करत होते. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा होतो आणि ज्याला सोसावा लागतो त्याची ताकद कमी पडते.

तुमची गोष्ट चुरशीची असेल, तर जा. तुमच्या शाळेतल्या वर्षांचा त्या जुन्या प्रतिस्पर्ध्याइतका बारीक साक्षीदार दुसरा कुणी नसतो. पहिल्या पाच मिनिटांत पगार-पदांची मोजदाद होईल, ती होऊ द्या.

छळाचं तसं नाही. ‘इतकी वर्षं झाली, सोडून दे’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. १९५८ साली ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला गेला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंताविकारांचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा तुमचं दुखणं हळवेपणातून आलेलं नाही.

आता पर्याय. संध्याकाळभर जाणं, थोडा वेळ जाणं, किंवा न जाता हव्या त्या चौघांना वेगळं भेटणं. यांतला कुठला निवडायचा, हे तुम्हाला तिथून काय हवंय यावर ठरतं.

जुन्या मैत्रिणी, आवडत्या बाई, तो वर्ग, तो जिना पुन्हा पाहायचा असेल, तर थोडा वेळ जाणं मला सगळ्यात बरं वाटतं. ज्याला सगळं ठाऊक आहे असा एक मित्र सोबत ठेवा आणि निघायची वेळ आधीच ठरवा. जुन्या टोपणनावानं हाक आली तर ‘आता मला माझ्या नावानंच हाक मारायची’ एवढं शांतपणे म्हणायचं आणि पुढं जायचं.

माफी हवी असेल, तर मेळावा ही सगळ्यात चुकीची जागा. १९९० साली मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन प्रसंग लिहायला सांगितले: एकात त्यांनी कुणाला खूप राग आणलेला, दुसऱ्यात कुणी त्यांना राग आणलेला. तीच माणसं, पण राग आणणाऱ्याच्या बाजूनं लिहिताना प्रसंग केव्हाच संपलेला होता. राग आलेल्याच्या बाजूनं लिहिताना त्याचे परिणाम अजून चालू होते. तुम्ही वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं वाक्य बोलाल आणि समोरून हसत उत्तर येईल, ‘अरे, तेव्हा आपण किती धमाल करायचो!’ सगळ्यांसमोर ते ऐकणं फार जड जातं. बोलायचंच असेल तर आधी, एकट्यानं, फोनवर बोला. तिथं निदान फोन ठेवता येतो.

आणि नुसत्या कल्पनेनंच रात्र-रात्र झोप लागत नसेल, तर या वेळी जाऊ नका. कारण द्यायची गरज नाही. चौघांना वेगळं भेटण्यात मेळाव्याचं बहुतेक सुख मिळतं.

हे वाचताना तुम्हाला आपणच दिलेलं एखादं टोपणनाव आठवलं असेल, तर मेळाव्याची वाट पाहू नका. मीही एका मुलाला असं नाव ठेवलं होतं. तुम्ही ज्याला नाव ठेवलंत, त्याला आधीच निरोप पाठवा. काय केलं होतं ते स्पष्ट लिहा, ‘गंमत’ हा शब्द टाळा आणि उत्तर मागू नका. मला उत्तर आलं नाही. तो मेळाव्याला मात्र आला, लांबूनच मान हलवली आणि आपल्या मित्रांत जाऊन बसला.