‘तुमचा प्लेअरच जुना आहे’ : लग्नाच्या डीव्हीडीतली लुबाडणूक

एका कुटुंबाला लग्नाचं चार तासांचं चित्रीकरण डीव्हीडीवर हवं होतं, कारण गावी आजी-आजोबांकडे साधा प्लेअर आहे आणि त्याला पेनड्राइव्ह लावायची सोय नाही. दुकानदाराने ऑथरिंगचे, म्हणजे चित्रीकरण प्लेअरला वाचता येईल अशा डीव्हीडीच्या रूपात बसवण्याचे, पैसे आगाऊ घेतले. डिस्क संगणकावर छान चालली, गावी मात्र ‘डिस्क एरर’. विचारल्यावर उत्तर मिळालं, "तुमचा प्लेअरच जुना आहे. कन्व्हर्जनचे (रूपांतराचे) वेगळे पैसे पडतील."

प्लेअर ठणठणीत होता. डिस्क संगणकात उघडली तर आत नुसत्या दोन एमपी४ फाइली. म्हणजे ऑथरिंग झालंच नव्हतं, फाइली उतरवून दिल्या होत्या. खऱ्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर असतो, त्यात आयएफओ (प्लेअरसाठीची माहिती), बीयूपी (तिची राखीव प्रत) आणि प्रत्यक्ष चित्र-आवाजाच्या, जास्तीत जास्त 1 जीबीच्या व्हीओबी फाइली. चित्र एमपेग-2 या प्रकारचं लागतं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत पूर्ण आकार 720 × 576 ठिपके (पिक्सेल), सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 स्थिर चित्रं. आवाज 48 किलोहर्ट्झचा, एसी3, एमपी2 किंवा पीसीएम यांपैकी एका प्रकारचा. एमपी४मधलं एच.264 चित्र आणि एएसी आवाज साध्या प्लेअरला वाचता येत नाही. हे रूपांतर ऑथरिंगमध्येच येतं. त्याचे पुन्हा पैसे मागणं ही सरळ फसवणूक आहे.

कुटुंबाने तेही भरले. आता डिस्क चालली, पण चेहरे ओळखू येईनात. चारही तास एकाच डिस्कमध्ये कोंबले होते. एकपदरी (सिंगल लेयर) डिस्कवर 4.7 जीबी मावतात. दोन तासांचं चित्रीकरण असेल तर चित्र-आवाजाच्या माहितीला सेकंदाला सरासरी 5 मेगाबिट मिळतात, तेवढ्यात चित्र बरं येतं. चार तासांना जेमतेम 2.6 उरतात आणि पूर्ण आकारात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ते लपवण्यासाठी चित्र 352 × 288 केलं होतं, म्हणजे व्हीसीडीएवढं. डीव्हीडीच्या नियमात हा आकार बसतो, प्लेअर कुरकुर करत नाही, म्हणूनच गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. वाचली ती एक कोरी डिस्क! वर कव्हरवर ‘फुल एचडी’ छापलेलं. साध्या प्लेअरवर चालणाऱ्या डीव्हीडीत एचडी चित्र असूच शकत नाही.

हळदीच्या मोबाइल क्लिपमध्ये ओठ आणि आवाज जुळत नव्हते, त्याचंही खापर प्लेअरवर फुटलं. मोबाइल पुष्कळदा बदलत्या फ्रेमरेटने, म्हणजे सेकंदाला कमी-जास्त फ्रेम घेत, चित्रीकरण करतो. अशी क्लिप आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर 25 फ्रेमवर आणायची, मग एमपेग-2 करायची. ही पायरी गाळली की क्लिप जितकी लांब, तितका आवाज सरकत जातो.

पावतीवर ‘पाल डीव्हीडी-व्हिडिओ, 720 × 576, दोन डिस्क, फायनलाइझ केलेल्या’ असं लिहून घ्या. फायनलाइझ करणं म्हणजे लिहून झाल्यावर डिस्क बंद करण्याची शेवटची पायरी; ती न केलेली डिस्क दुसऱ्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. दुकानातच, संगणकावर नव्हे तर टीव्हीच्या प्लेअरवर, सुरुवात, मध्य आणि शेवट लावून बघा आणि मगच उरलेले पैसे द्या. व्हीओबी फाइल मीडियाइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकली की चित्राचा आकार लगेच दिसतो. चित्रीकरणाचं मूळ मेमरी कार्ड दुकानात ठेवू नका, प्रत द्या. रूपांतर बिघडलं तर मूळ फाइलीवरूनच पुन्हा करता येतं. दुकानदार दाद देत नसेल तर पावती हाताशी ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.